बापाचा पार्ट

नाटक म्हटलं की मला अजूनही आधी झोप येते. त्यात नाटकाचा काही दोष नाही. जाफराबाद तालुक्यातल्या ज्या गावात मी प्राथमिक शिक्षक म्हणून वीसेक वर्षं काढली, तिथं चैत्रातल्या जत्रेला दरसाल गावकऱ्यांचं नाटक व्हायचं. वाचता येणारा आणि संध्याकाळी रिकामा असणारा माणूस म्हणून प्रॉम्प्टिंग माझ्या गळ्यात पडलं ते बदली होईपर्यंत सुटलं नाही. दिवसभर पोरं, दिवे लागल्यावर हे थोर. हौशी नटांइतकी माणसाला दमवणारी जमात मी दुसरी पाहिलेली नाही. अर्धे रुसलेले, अर्ध्यांचा पार्ट पाठ नाही आणि सगळे आपल्या आवाजावर लट्टू. तालमीला ठरलेली वेळ अशी नव्हतीच. मुक्कामी गाडी आली की तालीम सुरू, कारण आमचा एक नट त्या गाडीत असायचा.

वामन साळवे हे त्यांचं नाव. एस.टी.चे कंडक्टर. संध्याकाळी शेवटची गाडी घेऊन यायचे, रात्री गावातच मुक्काम करायचे आणि सकाळी पहिली गाडी घेऊन जायचे. अंगानं उंच, खांद्यात वाकलेले, डोळ्यांखाली कायमचं काळं. आयुष्यभर गर्दीत तिकिटं फाडल्यामुळं एक सवय लागली होती: आपल्याशी बोलताना ते आपल्याकडं न बघता आपल्यामागं कोण उभं आहे ते बघायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांना आपल्यात रस नाही. तसं नव्हतं. सगळं ऐकलेलं असायचं आणि चार दिवसांनी बरोबर आठवायचं.

ते नाटकात आले ते कपड्यांमुळं. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. जालन्याहून भाड्यानं आणलेल्या कपड्यांच्या ट्रंकेत हवालदाराचा ड्रेस निघालाच नाही, आणि हवालदार होणारा गडीही ऐन वेळेला शेतात पाणी धरायला गेला तो आला नाही. मंडळाचे अध्यक्ष आबाराव घामाघूम होऊन इकडंतिकडं बघत होते, तर स्टेजच्या बाजूला खाकी कपड्यात एक माणूस शांतपणे चहा पीत उभा. आबारावांनी विचारलंसुद्धा नाही. टोपी डोक्यावर ठेवली आणि वर ढकललं. एकच वाक्य होतं, ‘चला, चौकीवर चला.’ साळवे स्टेजवर आले, समोरची गर्दी पाहिली आणि सवयीनं म्हणाले, ‘चला, मागं सरका, मागं सरका.’ पब्लिक हसून लोटपोट झालं आणि पुढच्या रांगेतली दोन-चार पोरं खरंच मागं सरकली.

तेव्हापासून खाकीतला जो कुणी असेल तो साळवे. हवालदार, पोस्टमन, जंगलखात्याचा शिपाई. पुढं पुढं धोतर नेसून म्हातारा नोकर. त्याच्या वर कधी नाही. आबाराव म्हणायचे, “कंडक्टरचा काय भरोसा? गाडी बंद पडली तर पार्ट आडकून राहीन.” बोलणं खोटं नव्हतं, गाड्या बंद पडायच्याच. पण ते सगळं खरंही नव्हतं. साळवे बौद्ध होते. गावातली बौद्ध वस्ती ओढ्यापलीकडं, आणि तिथल्या कुणाला मंडळानं कधी पार्ट दिला नव्हता. साळवे बाहेरगावचे, सरकारी नोकरीतले, म्हणून चालून गेले, तेही स्टेजच्या कडेला. कुणी तोंडानं काही म्हणत नव्हतं. त्यांच्याबरोबरच्या शिंदे ड्रायव्हरला आबारावांकडं जेवायला बोलावणं असायचं; साळवे आपला डबा आणायचे. तालमीत चहाचे कप फिरायचे तेव्हा ते पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढायचे. पहिल्यांदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, “कपात जल्दी थंड व्हतो, गुरुजी.” आणि तो चहा एका घोटात संपवला.

त्यांची तिकिटांची पेटी आणि चामड्याची पिशवी ही तालमीतली आणखी दोन पात्रं. कंडक्टरनं ती सोडायची नाही हा नियम, आणि साळवे नियम पाळणारे. त्यामुळं हवालदार चोराला धरून नेताना त्याच्या काखेत पेटी, आणि पोस्टमनच्या खांद्यावर दोन दोन पिशव्या. एकदा राजदरबाराचं नाटक होतं, तेव्हा त्यांनी ती पेटी सिंहासनाखाली सरकवून ठेवली आणि भालदार म्हणून तिच्यावर डोळा ठेवून उभे राहिले. राजा बसलेला, प्रधान बोलतोय, आणि भालदार दरबाराकडं पाठ करून सिंहासनाखाली बघतोय.

पाठांतर गाडीत व्हायचं. जाफराबादहून आमच्या गावापर्यंत ते तिकीट फाडता फाडता पार्ट म्हणायचे. स्वतःचा संपला की दुसऱ्याचा. ‘दोन फुल एक हाफ, आणि सांग तुझ्या धन्याला, हा म्हातारा अजून मेलेला नाही.’ बाजार करून परतणाऱ्या बायकांना जत्रेच्या आधीच सगळं नाटक कळलेलं असायचं, आणि नाटकात कोण मरणार म्हणून त्या साळव्यांशी वाद घालायच्या.

शिंदे ड्रायव्हरला आम्ही पडद्याच्या दोरीवर बसवलं होतं. गाडीत कंडक्टरनं दोनदा घंटी दिली की ड्रायव्हर गाडी काढतो. तसं साळव्यांच्या पेटीवर दोन ठोके पडले की शिंद्यांनी पडदा ओढायचा. बाकी नाटकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते दोरी हातात धरून डोळे मिटायचे आणि ठोक्यालाच उघडायचे. एका वर्षी साळवे म्हातारा नोकर होते आणि दुसऱ्या अंकात मरत होते. आरोग्य उपकेंद्रातली लोखंडी खाट आणली होती. ते मेल्यावर आमचा नायक, म्हणजे आबारावांचा मुलगा प्रल्हाद, त्यांच्या उशाशी बसून दीड पान रडायचा. साळव्यांची त्या दिवशी डबल ड्युटी झाली होती. मेले ते मेले, आणि खरंच झोपले. प्रल्हादचं रडणं निम्म्यावर आलं आणि तो उठून स्टेजच्या पुढच्या कडेला आला असताना त्यांना झोपेत काय वाटलं कोण जाणे, कुणीतरी स्टॉपवर उतरलं असेल, त्यांनी हात उचलला आणि खाटेच्या लोखंडावर दोनदा ठोकलं. टण, टण. शिंद्यांनी डोळे उघडले आणि पडदा ओढला. प्रल्हाद पडद्यापलीकडं एकटाच, हात आभाळाकडं, समोर पब्लिक. तो महिनाभर दोघांशीही बोलला नाही. साळव्यांना मात्र त्याचं फार वाईट वाटलं. बिचाऱ्याचं रडणं चांगलं चाललं होतं, असं ते मला वारंवार सांगत राहिले.

मुक्कामी ड्युटी कुणाला नको असते. तालमीचे तीन महिने ती आपल्याला मिळावी म्हणून साळवे दिवाळीला दुसऱ्यांच्या ड्युट्या करायचे. घर अंबडच्या बाजूला, बायको तिथं, मुलं शिकती. वर्षात किती दिवस ते घरी असतील ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी एकदा चिडून म्हणालो, “एवढी मरमर करून काय मिळतं तुम्हाला? दोन वाक्यांचा हवालदार.” ते पिशवीचा पट्टा नीट करत राहिले. मग म्हणाले, “बापाचा पार्ट भेटला की बंद करतो, गुरुजी.”

बापाचा पार्ट म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. गावाचं एक आवडतं नाटक होतं, दर तीन-चार वर्षांनी तेच पुन्हा बसायचं. मुलगा भांडून घर सोडतो, शहरात सगळं घालवून बसतो आणि तिसऱ्या अंकात परत येऊन बापाच्या पायावर डोकं ठेवतो. बाप म्हणतो, ‘ऊठ बाळ. उशीर झाला, पण आलास.’ बायका पदर डोळ्याला लावायच्या. बाप व्हायचे आबारावांचे चुलते गणपतराव आणि मुलगा प्रल्हाद. घरातल्या घरातच सगळं.

सत्त्याण्णवच्या जत्रेला तेच नाटक होतं. जत्रा तीन आठवड्यांवर आली आणि गणपतरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी धूळ आणि दिवे दोन्ही बंद केले. शाळेच्या वर्गात सगळे डोक्याला हात लावून बसले, कारण एवढा मोठा पार्ट इतक्या दिवसांत कुणाला पाठ होणार? कोपऱ्यातून साळवे म्हणाले, “मला येतो.” इतक्या वर्षांत तालमीत न विचारता बोलण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. मग बसल्या जागेवरून, आवाज न चढवता, त्यांनी सगळा तिसरा अंक म्हणून दाखवला. माझ्या हातात पुस्तक होतं, एक शब्द चुकला नाही. तिसऱ्या अंकात काय आहे ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आबाराव बराच वेळ सुपारी कातरत राहिले. शेवटी म्हणाले, “ठीक हाये. ह्या टायमाला करू द्या.”

तालमी सुरू झाल्या. पाया पडायची जागा आली की प्रल्हाद हात झटकायचा आणि म्हणायचा, “हे स्टेजवर करतो.” आमच्याकडं ही रीतच होती. रडणं, थोबाडीत मारणं, पाया पडणं, सगळं स्टेजवर. तालमीत नुसती वाक्यं. त्यामुळं त्याला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. मी एकदा म्हणालो की एवढी जागा तरी करून बघा, तर तो माझ्याकडं असा बघून हसला की मी पुढचं पान उलटलं. साळवे उभेच्या उभे राहून मोकळ्या जमिनीला म्हणायचे, ‘ऊठ बाळ.’ रोज.

शेवटच्या तालमीनंतर आम्ही दोघं शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. ते डबा धूत होते. त्यांनी विचारलं, “पडंल का वो, गुरुजी?”

मी म्हणालो, पडेल, लोकांसमोर काय करील दुसरं. माझा माझ्या बोलण्यावरच विश्वास नव्हता.

“घरी पोरं पडतात माह्या पाया. बुद्धपौर्णिमेला समदे पडतात. त्ये वेगळं. माह्या बापानं आख्खा जनम वाकून काढला, त्याच्याम्होरं कुनी वाकलं न्हाई. नाटकात का व्हईना, गावाम्होरं एकदा बघायचंय. बस.”

एवढं बोलून ते गाडीत झोपायला गेले. मला त्या माणसाची फार दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. एका नाटकातल्या दीड मिनिटासाठी किती वर्षं घालवावीत माणसानं?

जत्रेच्या दिवशी मंडप गच्च भरला होता. ओढ्यापलीकडची माणसंही त्या वर्षी पहिल्यांदा एवढ्या संख्येनं आली होती आणि कडेला उभी होती. पहिले दोन अंक नीट गेले. साळवे काही थोर नट नव्हते, पण थकलेला बाप त्यांना करावा लागत नव्हता. तिसऱ्या अंकात प्रल्हाद आला, दारात थांबला, चार पावलं पुढं आला आणि दोन हात अंतरावर उभा राहून त्यानं नमस्कार केला. छान, लांबूनच. मी विंगेतून साळव्यांना वाक्य दिलं. ते बोलले नाहीत. पुन्हा दिलं. ते नुसते उभे. पब्लिकला वाटलं कंडक्टर वाक्य विसरला, आणि मागं कुजबूज सुरू झाली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी, नाटकात पार बुडून गेलेली, कळवळून म्हणाली, “आरं पाया पड की लेका. बाप हाये तुहा.” मग आणखी दोघी-तिघी. मग पुरुषांतूनही. त्यांना वामन साळवे दिसत नव्हता, बाप दिसत होता. प्रल्हादनं एकदा आबारावांकडं पाहिलं आणि तो वाकला.

त्याची बोटं टेकायच्या आत साळव्यांचे दोन्ही पाय मागं सरकले. चटका बसावा तसे. आणि त्यांनी स्वतःच वाकून प्रल्हादला खांद्यांना धरून वर उचललं. पब्लिकला वाटलं, काय ही बापाची माया, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वाक्य त्या टाळ्यांत बुडालं. मी विंगेत होतो, मला पाय दिसले होते.

दुसऱ्या दिवशी मला जालन्याला काम होतं, म्हणून पहिल्या गाडीनं निघालो. गाडीत चार-पाच माणसं. साळवे माझ्या शेजारी येऊन बसले, जे ते ड्युटीवर कधी करत नसत. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले,

“त्यो पडला, गुरुजी. पाय म्याच मागं घेतले.”

मी म्हणालो, अनवधानानं झालं असेल.

“न्हाई. मोठ्या घरचा मानूस जवळ आला की आमी बाजूला व्हतो. बापानं शिकिवलं न्हाई, म्या शिकलो न्हाई. पायाला आपोआप येतं. मेंदूला म्हनलं थांब, त्यो थांबला. पाय थांबले न्हाईत.”

पुढच्या स्टॉपला ते उठले आणि तिकिटं फाडायला लागले. त्या दिवसाइतका थकवा मला पुढं निवृत्तीच्या दिवशीही वाटला नाही. पुढच्या हंगामात मुक्कामी गाडीवर दुसराच कंडक्टर आला. त्यानं सांगितलं, साळव्यांनी ड्युटी मागितलीच नाही.

नाटक मात्र गाजलं. विशेषतः ती जागा. नंतर गणपतरावांनी बाप केला तेव्हा प्रल्हाद रीतसर पाया पडला, पण टाळी आली नाही, आणि हौशी नटाला न आलेली टाळी फार लागते. सत्त्याण्णवनंतर चार-पाच वर्षांनी त्याच्या सासुरवाडीनं, म्हणजे परतूर तालुक्यातल्या आष्टीनं, ते नाटक बोलावलं. जावयाला मिरवायचं होतं. प्रल्हाद स्वतः माझ्याकडं आला आणि म्हणाला, “गुरुजी, बाप कंडक्टरच पायजे. मपली टाळी त्यांच्यामुळं हाये.” त्यात आदर किती आणि टाळीचा हिशेब किती, ते मी विचारलं नाही. निदान त्यानं ‘त्यांच्यामुळं’ म्हटलं.

मी डेपोत गेलो. साळवे बाकावर पाय पसरून बसले होते. निवृत्तीला काही महिने राहिले होते. केस पांढरे, घोट्यापाशी सूज. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. “दमलो, गुरुजी. पाठ लई दुखून राह्यली. उभं न्हाई राहवत आता.” मी उठलो. फाटकापर्यंत गेलो असेन, तर मागून आवाज आला, “कोन्त्या दिवशी हाये?”

आष्टीला ते रजा टाकून आले. पेटी नाही, पिशवी नाही, पांढरा सदरा. तिकडं तेव्हा संध्याकाळपासून वीज जायची म्हणून नाटक बाजाराच्या दिवशी भर दुपारी ठेवलं होतं. वर कनात, पण उजेड सगळीकडून आत आलेला. दिव्यांची मदत नाही, काळोख नाही. स्टेजवरची धूळसुद्धा दिसत होती. पुढच्या खुर्च्यांवर प्रल्हादची सासरची मंडळी, सासरे फेटा बांधून. साळवे कुठले, कोण, हे एव्हाना त्यांनीही विचारून घेतलेलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांत साळवे निवृत्त होऊन अंबडकडं गेले, माझी बदली झाली, आणि आमची पुन्हा गाठ पडली नाही. म्हणून मला ते आठवतात ते तिथलेच.

तिसरा अंक. प्रल्हाद दारातून आला आणि या वेळी थांबला नाही. सरळ येऊन गुडघ्यांवर बसला, वाकला आणि दोन्ही हात त्यांच्या पावलांवर ठेवून त्यानं डोकं टेकलं. मी पुस्तक सोडून पाय बघत होतो. उजव्या पायाची टाच उचलली गेली. बोटं आखडली. मला वाटलं, गेलं. मग ती टाच हळूहळू, फार जड काही उतरवावं तशी, खाली आली आणि फळीवर टेकली. दोन्ही पाय जागेवर राहिले. भेगाळलेले, सुजलेले, त्यांच्यावर प्रल्हादचे हात.

मी वाक्य दिलं, ‘ऊठ बाळ.’ ते बोलले नाहीत. मी पुन्हा दिलं. खालून प्रल्हाद पुटपुटला, “बोला की.” मी तिसऱ्यांदा दिलं, जरा मोठ्यानं. तेव्हा साळव्यांनी मान माझ्याकडं वळवली, आणि बाजूचा हात नुसता पंजापुरता उचलून मला थांबायला सांगितलं.

मी पुस्तक मिटलं. प्रल्हाद वाकलेलाच होता, आणि साळवे सावकाश श्वास घेत उभे होते.